मालक कोण, ते आधी सांगा

सोलापुरात एके काळी भांडायची जागा ठरलेली होती. गिरणीचं गेट. पगार अडला, बोनस कमी बसला, जॉबरनं, म्हणजे गिरणीतल्या मुकादमानं, कुणाचा उगाच खाडा मांडला, की माणसं गेटवर जमायची. इथली पहिली कापड गिरणी 1877 साली सुरू झाली. गावात तिला नुसतं 'जुनी मिल' म्हणतात. मागनं नरसिंग गिरजी आली, विष्णू आली, लक्ष्मी आली. माझे वडील गिरणीत फिटर. कायद्याची कलमं त्यांना येत नव्हती, पण आपल्याला पगार कोण देतं हे झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. मालक कोण, मॅनेजर कोण, कुणाची गाडी कुठल्या दारानं आत जाते, सगळं ठाऊक. शिव्या द्यायच्या तरी नाव घेऊन देता यायच्या. पुढं गिरण्या बसल्या, भोंगे बंद झाले, पुष्कळांची देणी अडकली आणि ती हातात पडायच्या आधी माणसंच गेली. पण आपलं भांडण कुणाशी आहे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

माझं सात रस्त्याच्या अलीकडं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. धंदा चालतो तो ऑनलाइन फॉर्मांवर. मराठी अर्ज टाइप करून घेणारी गिऱ्हाइकं आता कमीच. त्या कमी गिऱ्हाइकांत काही वर्षांपासून एका विद्यापीठात देखभाल-दुरुस्तीची कामं करणारे कारागीर आहेत. प्लंबर, वायरमन, सुतार, पंप ऑपरेटर, एसीवाला. विद्यापीठ कुठलं ते लिहीत नाही. सोलापूरचे कारागीर ठेकेदाराबरोबर पुण्यापासून मराठवाड्यापर्यंत कुठंही जातात, आणि ते जे सांगतात ते एका विद्यापीठापुरतं आहे असं मला वाटत नाही.

सुट्टीच्या दिवशी चार-पाच जण मिळून येतात. एक बोलतो, बाकीचे दुरुस्त्या सुचवतात. मी टाइप करतो. पहिल्या अर्जापासून आमची गाडी अडते ती 'प्रति' या शब्दाशीच. अर्ज लिहायचा कुणाला? ठेकेदाराला लिहिला तर तो म्हणतो, विद्यापीठानं बिल काढलं नाही, मी कुठनं देऊ. कुलसचिवांना लिहिला तर उत्तर येतं, सदर कामगार हे आमचे कर्मचारी नसून ठेकेदाराचे आहेत, सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. कामगार कार्यालयाला लिहिला तर ते दोघांनाही नोटीस काढतात आणि दोघंही तिथं येऊन हेच सांगतात, फक्त सहीशिक्क्यासकट.

त्यांच्यातला वायरमन पोरगा आयटीआय झालेला, तिशीचा. एकदा त्यानं पगाराची स्लिप झेरॉक्सला दिली. अर्ध्या पानाची, डॉट मॅट्रिक्सच्या फिकट शाईतली. पदनाम, हजर दिवस, मूळ वेतन, विशेष भत्ता, पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर. व्यवसाय कर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. हे फेब्रुवारीतले वरचे 100 कापायला ठेकेदाराचा कॉम्प्युटर कधी विसरत नाही. किमान वेतनाचा विशेष भत्ता दर 1 जानेवारीला नि 1 जुलैला बदलतो, त्याची आठवण मात्र त्याच कॉम्प्युटरला तीन-तीन महिने होत नाही, आणि मधला फरक कुणी देत नाही. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं. नवीन दिसलं ते पदनाम. तिथं 'हेल्पर' असं छापलेलं होतं.

मी विचारलं, "तू तर वायरमन ना रे?"

"वायरमनच आहे काका. डीजी सेट, म्हणजे डिझेलचा जनरेटर, मी चालू करतो, पॅनेल मी उघडतो. स्लिपवर हेल्पर."

"पगारात किती फरक पडतो?"

"पैशाचा म्हणाल तर लई नाय. पण उद्या शॉक बसून मेलो तर हेल्पर मेला म्हणतील. हेल्परला पॅनेलला हात घालायला सांगितलं कुणी, असं मलाच विचारतील."

मेल्यावर विचारतील, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो स्वतःच हसला. बाकीचेही हसले. मला काही हसू आलं नाही.

किमान वेतनात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा तीन पायऱ्या आहेत, 1948 च्या कायद्यापासून आपण त्या ऐकत आलोय. कुशल माणसाला अकुशल दाखवणं ही काही ठेकेदाराची खोडी नव्हे, निविदेचं गणितच तसं असतं. विद्यापीठ माणसं पुरवायची निविदा काढतं. कामगाराचा किमान पगार कायद्यानं ठरलेला, त्यामुळं ठेकेदारांची चढाओढ उरते ती स्वतःच्या सेवा शुल्कावर. ज्याचं शुल्क कमी, त्याला काम. मग कुणी इतका कमी आकडा भरतो की त्यात त्याच्या ऑफिसचं भाडंही निघू नये. तरी तो काम घेतो, आणि पुढच्या खेपेला परत भरायला येतो. त्याची चूल कशावर पेटते, हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कुशलचा हेल्पर करायचा. रात्री दोनला फुटलेल्या लाइनीचं काम 'ड्यूटीचा भाग' म्हणायचं, ओव्हरटाइमचा दुप्पट दर द्यायचा नाही. गणवेशाचे पैसे कापायचे आणि गणवेश द्यायचा नाही. आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे बँकेत पगार पूर्ण जमा करायचा, कागद स्वच्छ ठेवायचा, आणि तीन तारखेला मुकादमानं येऊन त्यातले काही रोख परत घ्यायचे. हे शेवटचं कुणी अर्जात लिहू देत नाही. "ते नको काका, ते काढा." मी काढतो.

नेमून दिलेल्या पगारात न बसणारा हा ठेका मंजूर करताना विद्यापीठाच्या लेखा विभागाला काहीच कळत नसेल, असं मी मानायला तयार नाही. बेरीज-वजाबाकी त्यांचाच धंदा आहे.

प्लंबर अण्णा या सगळ्यांत वडीलधारे. सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्हीची मिसळ. त्यांनी एकाच आवारात एकामागून एक पाच ठेकेदार पाहिले. ठेका दोन-तीन वर्षांचा. नवा ठेकेदार आला की जुन्याच माणसांकडनं नवा अर्ज, नवे फोटो, नवी रुजू तारीख. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग नोकरी लागते. कुठलाच ठेका पाच वर्षं टिकत नाही. म्हणजे नोकरी चौदा वर्षांची आणि कामगार सदा नवा. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या नोकरीवाल्यांना एका वर्षातच ग्रॅच्युइटीचा हक्क दिलाय म्हणतात, चांगलंच आहे. पण अण्णा मुदतीचे की रोजंदारीचे की आणखी कशातले, हे त्यांना आजवर कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही. पीएफचा यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, तेवढा एकच राहिलाय. त्यांची चौदा वर्षं सलग दिसतात ती जगात फक्त त्या पासबुकात. मीच ते डाउनलोड करून दिलं. प्रिंट हातात घेऊन अण्णा बराच वेळ पानं मागंपुढं करत होते.

मागच्या वेळी ठेका बदलला तेव्हा नव्या ठेकेदारानं स्वतःची पोरं आणली आणि अण्णांना 'नंतर कळवतो' सांगितलं. आठवडाभरात मुलींच्या वसतिगृहाकडं जाणारी लाइन फुटली. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह कुणाला सापडेना. तो सापडणार नव्हताच. आवार सुशोभित करताना त्याच्यावर पेव्हर ब्लॉक बसवले होते, आणि अशोकाच्या तिसऱ्या झाडापासून चार पावलांवर ब्लॉक उचकटायचा, हे फक्त अण्णांना माहीत होतं. विद्यापीठातनं साहेबांचा फोन थेट अण्णांच्या मोबाइलवर. अण्णा गेले. गुडघाभर चिखलात उतरून व्हॉल्व्ह बंद केला, जोड बदलला, संध्याकाळी परत आले. त्या दिवसाचे पैसे त्यांना कुणी द्यायचे यावर दीड महिना चर्चा चालली. जुना ठेकेदार म्हणाला, माझा ठेका संपलाय. नवा म्हणाला, हा माणूस माझ्या हजेरीवर नाही. विद्यापीठ म्हणालं, आमचा अशा व्यक्तीशी थेट संबंध नाही. फोन मात्र थेट आला होता.

"गेलात कशाला?" मी विचारलं.

"पोरी होत्या ना वर. तीनशे पोरी, पाणी नाही. काय करायचं?"

त्या पैशांसाठी आम्ही अर्ज केला. एका दिवसाच्या मजुरीसाठी दोन पानी अर्ज, सहा प्रती. अजून उत्तर नाही.

कायदा या प्रश्नाकडं कसा बघतो, याचा नाद मला या लोकांमुळं लागला. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, इंटरनेट असतं. 1960 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या वॉर्डात काम करणाऱ्या नोकरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की रुग्णालयसुद्धा 'उद्योग' आहे, तिथल्या नोकरांना औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण मिळालं पाहिजे. साताऱ्यात जन्मलेला हा माणूस कामगारांच्या बाजूचा न्यायाधीश म्हणून ओळखला जायचा. तीनच वर्षांनी, 1963 मध्ये, त्यांच्याचसमोर दिल्ली विद्यापीठाचं प्रकरण आलं. विद्यापीठ मुलींसाठी बस चालवत होतं, ते परवडेना म्हणून बंद केलं आणि दोन ड्रायव्हर घरी बसवले. त्यांनी भरपाई मागितली. या वेळी गजेंद्रगडकरांनी सांगितलं, शिक्षण हा उद्योग नव्हे. विद्यापीठाचं काम मुळात शिक्षक करतात. ड्रायव्हर, शिपाई वगैरे खालच्या नोकरांचा त्यात वाटा किरकोळ. ड्रायव्हर हरले. पुढं गजेंद्रगडकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तिथं त्यांच्या बंगल्याचा नळ कोण दुरुस्त करत होतं, असा एक अगोचर प्रश्न मला त्या दुपारी पडला.

तो निकाल 1978 मध्ये पुसला गेला. बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठापुढं हा सगळा विषय पुन्हा आला, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालानं विद्यापीठंही उद्योगात आली. मी हे वाचून खूश झालो आणि पुढच्या वेळी आलेल्या मंडळींना सांगितलं. सुतारचाचांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्योग झाला. मालक कोण झाला?"

चाचांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. महाराष्ट्रात 1971 चा एक चांगला कायदा आहे, अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा. माणसांना वर्षानुवर्षं बदली, हंगामी, तात्पुरतं ठेवून कायमपणाचे फायदे नाकारणं, हे त्यात चक्क अनुचित म्हणून लिहिलंय. वाचलं की वाटतं, हे आपल्या अण्णांनाच समोर बसवून लिहिलंय. पण 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं दोन खटल्यांत, एका कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या आणि एका औषध कंपनीत झाडलोट करणाऱ्या ठेका कामगारांच्या, सांगून टाकलं की मालक-नोकर हे नातंच समोरचा नाकारत असेल, तर या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. आधी दुसऱ्या दारात जाऊन नातं सिद्ध करून या. म्हणजे समोरच्यानं 'हा माझा माणूस नव्हे' एवढं म्हटलं की दार बंद. आणि समोरचा दुसरं काही म्हणेल कशाला?

पगार बुडाला तर मात्र मूळ मालकाला पूर्ण हात झटकता येत नाहीत. ठेकेदारानं पगार दिला नाही, तर ज्याच्यासाठी काम झालं त्यानं तो द्यायचा आणि ठेकेदाराकडनं वसूल करायचा, असं 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती जबाबदारी ठेवलीय. पण त्याच संहितेनं आणखी एक गोष्ट केली. आस्थापनेच्या 'मुख्य' कामात ठेका कामगार नको, असं म्हटलं आणि मुख्य नसलेल्या कामांची यादीच दिली: साफसफाई, पहारा, कॅन्टीन, बागकाम, देखभालीसह बांधकामं. 1963 मध्ये ज्याला किरकोळ म्हटलं होतं, ते आता कायद्याच्या व्याख्येत जाऊन बसलं. पाणी नसलेल्या प्रयोगशाळेत आणि वीज नसलेल्या परीक्षा विभागात मुख्य काम कसं होतं, ते एकदा त्या यादीसकट एखाद्या मे महिन्यात सोलापुरात येऊन बघावं.

ही माणसं कायम नोकरांवरही चिडून आहेत, आणि ते लपवत नाहीत. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यभरातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप केला. 10-20-30 वर्षांच्या नोकरीनंतर वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेसाठी, थकबाकीसाठी. मागण्या रास्त होत्या. पण त्या यादीत ठेक्यावरच्यांची ओळ आम्हाला सापडली नाही, असं हे म्हणतात. पंप ऑपरेटरनं सांगितलं, "संप त्यांचा, मोटर चालू आमची. बंद ठेवली असती तर नोकरी आमची गेली असती, चालू ठेवली तर फितूर आम्हीच. एक जण तर म्हणाला, तुम्ही ठेक्यावाल्यांमुळं आमची पदं भरेनात बे." ते शेवटचं खोटंही नाही. निवृत्त झालेल्या प्लंबरची जागा भरायचीच नाही, तिथं ठेक्यावर माणूस आणायचा, हे वर्षानुवर्षं चाललंय. मग एकाच पाइपाचं एक टोक धरलेला माणूस वेतन आयोगाच्या पगारावर आणि दुसरं टोक धरलेला त्याच्या तिसऱ्या हिश्शावर. एकाच टपरीवर चहा पितात. पैसे कुणी द्यायचे, हा तिथंही अवघड विषय असतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारनं बाह्य यंत्रणेमार्फत भरतीसाठी नऊ एजन्सी नेमणारा शासन निर्णय काढला, केवढा गदारोळ झाला, आणि ऑक्टोबरात तो रद्द झाला. आमच्या दुकानात पेढे वाटले गेले नाहीत. ज्यांना आधीपासनं ठेक्यावर ठेवलंय त्यांच्या स्लिपवर त्या महिन्यातही 'हेल्पर'च होतं.

अण्णांची बायको विड्या वळते. पूर्व भागात हे घरोघरी आहे. विडीची मजुरी हजारी, हजार विड्यांमागं इतके. कारखानदार पानं कमी देतात, खराब म्हणून छाटात विड्या काढतात, मजुरीत मारतात. त्या बायकांचीही रड कमी नाही. पण विडी कामगार म्हणून त्यांची ओळख आहे, ओळखपत्र आहे, आणि वर्षानुवर्षं लाल बावटा घेऊन रस्त्यावर यायची सवय आहे. त्यातूनच सोलापूरजवळ कुंभारीला 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग येऊन चाव्या देऊन गेले. पुढं रे नगरची 30,000 घरांची योजना झाली, तिच्यातल्या पहिल्या 15,000 घरांसाठी जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान मोदी आले. अण्णा कुंभारीला राहतात ते घर बायकोच्या नावावर, तिच्या विडीवर मिळालेलं. "माझ्या पान्यावर काय मिळालं? आयकार्डबी ठेकेदार बदलला की परत घेतात," असं ते म्हणतात. सुपात तंबाखू घेऊन घरात बसणाऱ्या बाईला ती कुणाची कामगार आहे ते सांगता येतं, आणि रोज विद्यापीठाच्या कमानीखालून आत जाणाऱ्या माणसाला येत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आलाय. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट करणाऱ्या बायका आणि एक माळी, यांना कायम करा म्हणून सांगितलं. तात्पुरतं नाव देऊन कायमचं काम करून घेणं बरं नव्हे, असं सरकारी आस्थापनांना सुनावलं. मी त्याची प्रिंट काढून ठेवलीय. त्या बायकांना कामावर सरकारी खात्यानंच थेट ठेवलं होतं, मध्ये ठेकेदार नव्हता, हा फरक मला कळतो. समोरच्या वकिलालाही कळेल. तरी अर्जासोबत जोडायला ती प्रिंट बरी आहे, असं चाचांचं मत पडलं. जोडली.

यंदाच्या अर्जात आम्ही पगारवाढ मागितलेलीच नाही. वायरमनचा आग्रह होता की मागण्या वाढवल्या की त्यांना टाळायला जागा मिळते. तीनच गोष्टी मागितल्या आहेत. स्लिपवर खरं पदनाम. ठेकेदार बदलला तरी मूळ रुजू तारीख कायम. आणि अण्णांचा तो एक दिवस. 'प्रति'मध्ये तिघांची नावं एकाखाली एक लिहिली, ठेकेदार, कुलसचिव आणि सहायक कामगार आयुक्त. कुणाचं नाव वर घालायचं यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी वर कुलसचिव घातले, कारण पंप ऑपरेटरच्या म्हणण्यानुसार नोटीस बोर्डावर सही त्यांचीच असते.

कामगार कार्यालयानं बैठक लावलीय. मागच्या दोन्ही वेळी ठेकेदार आणि विद्यापीठाचा माणूस वेगवेगळ्या तारखांना आले, आणि जो आला त्यानं न आलेल्यावर ढकललं. या वेळी आम्ही अर्जातच लिहिलं होतं की दोघांना एका दिवशी, एका वेळी, एकाच टेबलाशी बसवावं. पत्रात तसं मान्य केलंय. बैठक मंगळवारी अकराला आहे. मंगळवारी वायरमनची पहिली पाळी असते, त्याला सुट्टी कोण देणार हे अजून ठरायचंय.